प्रोग्रामिंगच्या नोकरीतून मन उडाले असल्यास: राजीनाम्याआधी काय आणि कोणत्या क्रमाने करावे

पाच-सात वर्षे कोड लिहिणाऱ्या माणसाचे कामातून मन उडाले की तो बहुधा तीनपैकी एक गोष्ट करतो. रविवारी रात्री एखादा महागडा कोर्स विकत घेतो, नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर आपला बायोडेटा अद्ययावत करतो, किंवा स्वतःला शिस्त लावायची म्हणून पहाटे पाचचा गजर लावतो. यांतला प्रत्येक उपाय कुणाला ना कुणाला लागू पडतो. परंतु दुखणे कोणते आहे हे पाहण्याआधीच तो केला जातो, आणि मग आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला अशी गत होते. कोर्सचे पहिले दोन भाग पाहून होतात, गजर चौथ्या दिवशी बंद होतो, आणि नव्या कंपनीत पगार वाढूनही सहा महिन्यांत तीच मरगळ परत येते.

खालील टप्प्यांचा क्रम स्वस्त आणि सहज मागे घेता येणाऱ्या उपायांपासून सुरू होतो आणि महाग, मागे न घेता येणाऱ्या उपायांपर्यंत जातो. तो उलटा करू नये. मांडणी मुख्यतः पुणे, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद येथील आयटी कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांना समोर ठेवून केली आहे. परदेशात असलेल्यांसाठीचा एक महत्त्वाचा मुद्दा शेवटच्या टप्प्यात दिला आहे.

## १. तयारी: निर्णय थांबवा, वही उघडा

पहिली तयारी म्हणजे निर्णयांना मुदत घालणे. पुढचे सहा आठवडे राजीनामा, कर्ज काढून घेतलेले शिक्षण, गावी परतणे, स्वतःचा व्यवसाय यांपैकी काहीही ठरवायचे नाही, असे स्वतःपुरते लिहून ठेवावे. जोडीदाराला किंवा आईवडिलांना इतकेच सांगावे की कामाचा त्रास होतो आहे, त्याचा शोध घेतो आहे आणि सहा आठवडे 'मग काय ठरले?' असे विचारू नये. हे न सांगितल्यास घरातले प्रत्येक जेवण चौकशी समिती होऊन बसते.

दुसरी तयारी वहीची. साधी कागदी वही पुरते. कंपनीच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या ईमेलमध्ये किंवा टीमच्या सामायिक फाइलमध्ये या नोंदी ठेवू नयेत, कारण त्या यंत्रणेवर कंपनीची देखरेख असू शकते आणि नोकरी सुटते त्या दिवशी ती आपल्या हातातून जाते.

सावधान: जगणेच नकोसे वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर पुढचा एकही टप्पा वाचत न बसता घरच्या कुणाला तरी तत्काळ सांगावे आणि टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतूनही बोलता येते.

## २. आधी शरीर तपासा

हा टप्पा कंटाळवाणा असल्यामुळे सर्वांत जास्त वगळला जातो. अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर रात्री साडेनऊचा कॉल, त्यानंतर डोके शांत होईपर्यंत फोन चाळणे, एक वाजता झोप आणि सकाळी दहाचा स्टँड-अप (टीमची रोजची छोटी बैठक), असा क्रम वर्षभर चालवणाऱ्या माणसाला कोडमध्ये रस वाटत नसेल, तर त्यात कोडचा दोष किती हे झोप सुधारल्याशिवाय कळणे शक्य नाही. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत कामाचे काहीही न बदलता फक्त झोपेची वेळ स्थिर करावी. उशिराचे कॉल टळत नसतील, तर ते आठवड्यातील ठरावीक दोन दिवसांवर आणण्याची विनंती करावी. ही मागणी लहान असते आणि बहुधा मान्य होते.

त्याच काळात नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन थकव्याची तक्रार सांगावी. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व या तपासण्या ते बहुधा सुचवतात. शाकाहारी माणसांत ब-१२ ची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते, आणि थकवा व एकाग्रता न होणे ही तिचीही लक्षणे आहेत. औषधे मात्र मित्राच्या सांगण्यावरून आणू नयेत.

येथे दोन अवस्था वेगळ्या ओळखाव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आजार म्हणून न करता कामाशी निगडित स्थिती म्हणून केली आहे आणि तिच्या तीन खुणा दिल्या आहेत: शक्ती निथळून गेल्यासारखा थकवा, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना. नैराश्य मात्र कामापुरते राहत नाही. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ मन खिन्न असेल, आवडते खाणे, क्रिकेट, मुलांशी खेळणे यांतही गोडी उरली नसेल, तर तो मानसोपचारतज्ज्ञांचा विषय आहे. मॅनेजर बदलून तो सुटणार नाही.

तपासणी: मागच्या सलग सुट्टीत, म्हणजे गणपतीत किंवा दिवाळीत, तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत मन हलके झाले होते का? झाले असल्यास दुखणे कामात आहे असे धरून पुढे जावे. झाले नसल्यास आधी डॉक्टर, मग तिसरा टप्पा.

## ३. दोन आठवड्यांची नोंद

आपल्याला कामाचा कोणता भाग नकोसा होतो, याचे उत्तर माणूस आठवणीतून देतो तेव्हा ते जवळजवळ नेहमी चुकते. आठवणीत शुक्रवारचे भांडण मोठे होते आणि मंगळवारी दोन तास तंद्री लागून केलेले काम पुसले जाते. म्हणून दहा कामाचे दिवस प्रत्येक काम संपताच, तिथल्या तिथे, चार गोष्टी लिहाव्यात: काम कोणते होते, किती वेळ गेला, कशामुळे अडले, आणि संपल्यावर अंगात शक्ती वाढली की उतरली. नोंदी साधारण अशा दिसतात:

मंगळवार, १०.१० ते ११.४०. बिलाची बेरीज एक पैशाने चुकते तो बग. पूर्णांकन दोनदा होत होते, सापडले. अडले नाही. वाढली.

मंगळवार, ११.४० ते १.००. वरचाच बदल टेस्ट सर्व्हरवर चढवणे. परवानगी दुसऱ्या टीमकडे, तिकीट टाकले, उत्तर नाही. उतरली.

मंगळवार, ३.०० ते ४.३०. पुढच्या रिलीजची बैठक, चौदा माणसे, माझा विषय निघाला नाही. उतरली.

या तीन ओळींतला माणूस 'मला प्रोग्रामिंगचा कंटाळा आला आहे' असे सांगत असतो. त्याच्या वहीला ते मान्य नाही: कोड लिहिताना त्याची शक्ती वाढते, आणि लिहिलेले पुढे सरकत नाही म्हणून ती उतरते. अशी विसंगती सापडण्यासाठीच हा खटाटोप करायचा असतो.

नेहमीच्या चुका: रात्री झोपताना दिवसभराचे एकदम लिहिणे, 'आज वैताग आला' अशा नुसत्या मनःस्थितीच्या नोंदी करणे, ज्यांतून कामाचा पत्ता लागत नाही, आणि रिलीजच्या, म्हणजे नवी आवृत्ती देण्याच्या, धामधुमीचा पंधरवडा निवडणे. शक्यतो साधा, नेहमीसारखा पंधरवडा घ्यावा.

## ४. निदान: नेमके कमी काय पडले आहे

दहा दिवसांनंतर 'उतरली' असे लिहिलेल्या सर्व ओळींखाली रेघ मारावी आणि त्या कोणत्या गटात पडतात ते पाहावे. एकापेक्षा जास्त गट निघू शकतात. ज्यात सर्वांत जास्त तास गेले तो पहिला धरावा.

काम जास्त आहे. तास मोजल्यावर हे लगेच दिसते. ऑन-कॉलचा (कधीही बोलावणे येऊ शकते असा) आठवडा, शनिवारची डिप्लॉयमेंट (नवा कोड सर्व्हरवर चढवणे), एका माणसावर दोन प्रोजेक्ट. यात प्रेरणेचा प्रश्नच नसतो, त्यामुळे प्रेरणा देणारी व्याख्याने ऐकून काही साधत नाही.

काम पोचत नाही. लिहिलेला कोड महिनोन्महिने ब्रँचमध्ये (मुख्य कोडपासून वेगळ्या ठेवलेल्या प्रतीत) पडून राहतो, क्लायंट ऐन वेळी गरज रद्द करतो, किंवा आपण केलेल्या गोष्टीचा वापर कोण करते हेच कळत नाही. मोठ्या सेवा कंपन्यांत, जिथे प्रोग्रामर आणि वापरकर्ता यांच्यामध्ये चार पायऱ्या असतात, तिथे हे फार आढळते. माझ्या मते मनाची झीज सर्वांत जास्त याच गटात होते आणि तिचे निदान सर्वांत कमी वेळा होते, कारण माणसाला बाहेरून सगळे सुरळीत दिसते: पगार वेळेवर, तास माफक, मॅनेजर सज्जन. तरीही तो पाट्या टाकू लागतो आणि मग आळशी झालो म्हणून स्वतःलाच दोष देतो.

शिकण्यासारखे उरले नाही. त्याच स्क्रीन, तेच रिपोर्ट, तीच जुनी प्रणाली. नोंदीत या गटाची खूण अशी की अडचण काहीच लिहिलेली नसते आणि तरीही शक्ती उतरलेली असते.

कारागिरी हातातून गेली. हा गट अलीकडे वाढला आहे. एआय सहायक कोड लिहितो आणि आपण दिवसभर तो तपासतो. ज्यांना प्रश्न सोडवून झाल्यावर आनंद होतो त्यांना हे चालते. ज्यांना सोडवत असताना आनंद होतो त्यांच्या वाट्याला फक्त तपासनिसाचे काम उरते. दोन्ही प्रकारचे लोक उत्तम प्रोग्रामर असतात, त्यामुळे यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आपण कोणत्या प्रकारातले हे मात्र ठाऊक असावे.

माणसे त्रास देतात. कोड रिव्ह्यूमध्ये (सहकाऱ्यांनी कोड तपासताना) चारचौघांत होणारा पाणउतारा, श्रेय दुसऱ्याच्या नावावर जाणे, जाणीवपूर्वक डावलणे. अशा नोंदींत त्याच त्या एका-दोन नावांची पुनरावृत्ती होते.

कोड लिहिणेच नको आहे. हे निदान सर्वांत शेवटी करावे, आणि तेही मोकळा वेळ, शांत जागा आणि स्वतः निवडलेला लहानसा प्रश्न मिळूनही शक्ती उतरत असेल तरच. ते दिसले तर पाचवा टप्पा सोडून थेट सहाव्याकडे जावे.

तपासणी: आपले निदान एका वाक्यात लिहून पाहावे आणि त्या वाक्यात वहीतल्या किमान तीन नोंदींचा आधार देता येतो का ते पाहावे. येत नसेल तर ते निदान नसून मागच्या आठवड्याचा राग आहे.

## ५. कुणाचीही परवानगी न लागणारे बदल

या टप्प्याला तीन ते चार आठवडे द्यावेत आणि एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने फरक पडला ते समजत नाही.

सुरुवात सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासापासून करावी, कारण मन उडालेल्या माणसाला काम करण्यापेक्षा काम सुरू करणे जड जाते. त्यासाठी आदल्या संध्याकाळी काम पूर्ण करून उठू नये. मुद्दाम नापास होणारी एक टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड) लिहून उठावे. समजा व्याजाची गणना करणारे फंक्शन लिहायचे आहे. निघण्यापूर्वी त्याची एकच टेस्ट लिहायची: ठेव २९ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली, तर एका वर्षानंतरची मुदत कोणत्या तारखेला संपल्याचे दाखवावे? २०२५ मध्ये २९ फेब्रुवारी नाही आणि फंक्शनही अजून लिहिलेले नाही, त्यामुळे टेस्ट लाल होते, म्हणजे नापास होते. ती तशीच आपल्या ब्रँचमध्ये ठेवून लॅपटॉप बंद करायचा. सकाळी ईमेल किंवा चॅट उघडण्याआधी तीच टेस्ट चालवायची. समोर लाल ओळ असते, प्रश्न लहान असतो, त्याचे उत्तर २८ फेब्रुवारी की १ मार्च हे ग्राहकाच्या नियमांवरून ठरवायचे असते, आणि वीस मिनिटांत हात चालू लागलेला असतो. कोऱ्या स्क्रीनसमोर 'आज काय करायचे' असा विचार करत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपे जाते.

सावधान: ही लाल टेस्ट फक्त स्वतःच्या ब्रँचमध्ये ठेवावी. मुख्य ब्रँचमध्ये गेली तर सर्वांचे बिल्ड (कोड जोडून प्रोग्राम तयार होण्याची क्रिया) मोडेल आणि सकाळ भलत्याच कारणाने सुरू होईल.

पुढचे बदल निदानावर अवलंबून आहेत. काम पोचत नसेल, तर मोठ्या कामाचे असे तुकडे पाडावेत की दर आठवड्याला काहीतरी कुणाच्या तरी वापरात येईल. तेही शक्य नसेल तर टीमला रोज छळणारी एखादी गोष्ट, जसे की पंधरा मिनिटे चालणारे बिल्ड किंवा हाताने भरावा लागणारा रिपोर्ट, दुरुस्त करावी. वापरकर्ता शेजारच्याच खुर्चीत असतो आणि आभार त्याच दिवशी मिळतात. कारागिरी हातातून गेली असेल, तर आठवड्यातून एक काम एआय सहायक बंद ठेवून करावे आणि त्यासाठी गुंतागुंतीचे पण घाई नसलेले काम निवडावे. शिकण्यासारखे उरले नसेल, तर कोर्सकडे वळण्याआधी रोज वापरत असलेल्या लायब्ररीचा किंवा डेटाबेसचा एक भाग आतून वाचावा; एखादी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) असूनही संथ का चालते याचा छडा लावण्यात जे शिकायला मिळते, ते व्हिडिओ पाहून मिळत नाही.

काम जास्त असेल किंवा माणसे त्रास देत असतील, तर या टप्प्यात फार वेळ घालवू नये. ते दुखणे एकट्याने मिटणारे नसते.

## ६. मॅनेजरशी बोलणे

वेळ निवडताना रिलीजचा आठवडा आणि अप्रेझलची बैठक या दोन्ही टाळाव्यात. अप्रेझलमध्ये मांडलेली प्रत्येक गोष्ट पगारवाढीची मागणी म्हणून ऐकली जाते. त्याआधी दोन-तीन महिने, अर्ध्या तासाची वेगळी वेळ मागून बोलावे.

बोलण्यात भावना एका वाक्यापुरती आणि मागणी नेमकी असावी. 'माझे मोटिव्हेशन गेले आहे' असे म्हटल्यावर मॅनेजरला करण्यासारखे काही उरत नाही. तो सहानुभूती दाखवतो, फार तर दोन दिवस सुट्टी देतो आणि मनातल्या मनात तुमचे नाव जाण्याच्या बेतात असलेल्यांत टाकतो. त्याऐवजी असे मांडता येते: 'सर, गेल्या सहा महिन्यांत माझ्याकडे बहुतेक प्रॉडक्शन सपोर्टचीच तिकिटे आली आहेत आणि त्यामुळे माझे काम साचेबद्ध झाले आहे. पुढच्या तिमाहीत पेमेंटचे नवे मॉड्यूल सुरू होते आहे, त्यातला एक भाग मला मिळावा. सपोर्टचे काम मी दोन महिन्यांत नव्या मुलांना शिकवून देतो. त्याचा कच्चा आराखडा सोबत आणला आहे.' मॅनेजरला नावाने आणि अरे-तुरे बोलावण्याची पद्धत असलेल्या टीममध्ये सूर बदलेल, पण मांडणीचा क्रम हाच ठेवावा: वस्तुस्थिती, मागणी, आपण सुटल्यावर त्या जागेची सोय. तिसरा भाग बहुतेक जण विसरतात, आणि नकार बहुधा तिथूनच येतो.

बैठकीनंतर त्याच दिवशी दोन-तीन ओळींचा ईमेल पाठवून काय ठरले आणि पुन्हा कधी बोलायचे ते नोंदवून ठेवावे.

नेहमीच्या चुका: दुसऱ्या कंपनीचे ऑफर लेटर दाखवून मागणी करणे. पगार वाढतो, काम तेच राहते आणि विश्वास कमी होतो. मन उडण्याचे कारण पगार नसेल, तर हा सौदा सर्वस्वी तोट्याचा आहे. दुसरी चूक म्हणजे त्रास देणाऱ्या सहकाऱ्याबद्दल स्वभावाची विशेषणे वापरणे. तारीख, प्रसंग आणि कामावर झालेला परिणाम एवढेच सांगावे.

तपासणी: ठरलेल्या मुदतीनंतर मागणीचा निम्मा भाग तरी प्रत्यक्षात आला का? आला असल्यास आणखी एक तिमाही थांबावे. केवळ 'बघू' असेच उत्तर दुसऱ्यांदा मिळाले, तर सातव्या टप्प्याकडे जावे.

## ७. कंपनीतच दुसरी जागा

मोठ्या कंपन्यांत अंतर्गत जागांची यादी असते आणि अनेकांनी ती कधी उघडलेलीही नसते. तिथे अर्ज करण्याआधी त्या टीममधल्या, साधारण आपल्याच अनुभवाच्या माणसाबरोबर चहा घ्यावा आणि त्याला एकच प्रश्न विचारावा: काल दिवसभर काय केले? भूमिकेचे वर्णन कितीही आकर्षक असले तरी उत्तरात पाच बैठका आणि दोन स्प्रेडशीट निघाल्या, तर निर्णय सोपा होतो. कोड लिहिणेच नको असलेल्यांनी टेस्टिंग, डेटा, बिझनेस ॲनालिसिस, तांत्रिक लेखन, प्रशिक्षण या बाजू अशाच पद्धतीने पाहाव्यात. मॅनेजर होणे हा मात्र कंटाळ्यावरचा उपाय समजू नये. त्यात बैठका वाढतात आणि स्वतःचे असे तयार काम हातात दिसत नाही.

सावधान: नवी जागा लेखी पक्की होण्याआधी जुन्या प्रोजेक्टमधून सुटका मागू नये. मधल्या काळात बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसावे लागले, तर निवडीचा अधिकार आपल्याकडे राहत नाही.

## ८. राजीनामा द्यायचाच असल्यास

आधीचे टप्पे करूनही वहीतले निदान बदलले नसेल, तर राजीनामा हा रास्त उपाय आहे आणि तो अपराधी वाटून न घेता करावा. फक्त हिशेब आधी मांडावा.

घराचा हप्ता, भाडे, शाळेची फी आणि किराणा धरून महिन्याचा अटळ खर्च काढावा आणि हातातली रोकड त्याने भागावी. दुसरी नोकरी हातात नसताना बाहेर पडणार असाल, तर हे उत्तर सहाच्या खाली असू नये. भारतीय आयटी कंपन्यांत ९० दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असतो. आपल्या नियुक्तिपत्रात किती आहे आणि तो पैसे भरून कमी करता येतो का, हे राजीनाम्याचा ईमेल लिहिण्याआधी वाचावे. कंपनीचा गट आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो आणि नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षाकाळ लागतो, म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी. आईवडील त्या विम्यात असतील तर हे काम सर्वांत आधी करावे. कायमस्वरूपी नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे सलग ५ वर्षांची सेवा लागते, त्यामुळे ती पुरी होण्यास दोन-तीन महिने उरले असतील तर तारीख पुढे ढकलणे शहाणपणाचे. भविष्य निर्वाह निधी काढून घेऊ नये, नव्या खात्याशी जोडावा. ५ वर्षांच्या सलग सेवेआधी काढलेल्या रकमेवर सामान्यतः कर लागतो.

अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांचे गणित वेगळे आहे. नोकरी संपल्यावर नवा मालक शोधण्यासाठी किंवा व्हिसाचा प्रकार बदलण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि अमेरिकेत राहण्याची मंजूर मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाही. त्यांनी सहावा आणि सातवा टप्पा अधिक चिकाटीने करावा आणि नवी ऑफर हातात आल्यावरच राजीनामा द्यावा.

नव्या मुलाखतीत आपणही प्रश्न विचारायचे असतात, आणि ते चौथ्या टप्प्यातल्या निदानावरून काढावेत. काम पोचत नव्हते म्हणून बाहेर पडणाऱ्याने विचारावे की कोड लिहिल्यापासून वापरकर्त्यापर्यंत जायला इथे किती दिवस लागतात, आणि मागचे रिलीज कधी झाले. तासांचा त्रास होता त्याने ऑन-कॉलची पाळी किती जणांत फिरते ते विचारावे. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर पगाराचा आकडा पाहण्याआधी तेवढी नोंद वहीत करावी. आगीतून फुफाट्यात जाण्याचे प्रकार बहुधा याच ठिकाणी टाळता आले असते.

शेवटच्या दिवसाआधी पगाराच्या पावत्या, पगारातून कापलेल्या कराचे प्रमाणपत्र (फॉर्म १६) आणि भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक स्वतःच्या ईमेलवर किंवा छापून घ्यावा, रिलीव्हिंग लेटर कधी मिळणार हे एचआरकडून लेखी घ्यावे, आणि कंपनीच्या कोडची एकही फाइल, अगदी स्वतः लिहिलेली असली तरी, सोबत नेऊ नये.